उलव्याच्या प्लॉटसाठी सॉइल टेस्टिंग आणि पाइलची क्षमता: एजन्सीचा सविस्तर रिव्ह्यू

सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला मामांचा प्लॉट नवी मुंबईत उलव्यात आहे, तिथं तळमजला अधिक सात मजले बांधायचं ठरलं. घरात सिव्हिलवाला मी एकटाच, त्यामुळे सॉइल टेस्टिंगचं काम कोणाला द्यायचं इथपासून ते पाइलची (इमारतीचा भार खोल जमिनीत नेणारा काँक्रीटचा खांब) लोड टेस्ट होईपर्यंत सगळं माझ्याकडेच होतं. ज्या एजन्सीला काम दिलं तिचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही कारण तक्रारीही लिहिणार आहे, पण काय बघून एजन्सी निवडायची ते कळावं म्हणून जरा लांबण लावतोय, कारण या कामाबद्दल मराठीत फार कोणी लिहीत नाही आणि लोक फक्त पर मीटर रेट विचारून मोकळे होतात.

आधी रेट. तीन कोटेशन घेतली होती, ही एजन्सी सगळ्यात स्वस्तवाल्याच्या जवळपास दीडपट होती. मामांनी लगेच विचारलं, अरे तीन भोकं पाडायला एवढे पैसे? म्हणलं मामा, भोकाचे पैसे नाहीत, आत किती ठोके लागले ते खरं खरं लिहिण्याचे पैसे आहेत. स्वस्तवाल्याला फोनवर विचारलं होतं की जमिनीत नळी ठोकताना प्रत्येक १५ सेंटीमीटरचे ठोके वेगळे लिहून देणार का (हे ठोके कसले ते खाली सांगतो), तर म्हणाला साहेब रिपोर्टमध्ये फायनल एन व्हॅल्यू येते, ती बस होते. तिथंच त्याचं नाव काटलं. या एजन्सीच्या माणसानं मात्र त्यांचा जुना बोअर लॉग, म्हणजे भोकात कुठल्या खोलीवर काय लागलं त्याची नोंद, नाव झाकून पाठवला, त्यात तीन खणांत तीन आकडे होते आणि पुरतं न घुसलेल्या ठिकाणी "५० ठोके, ८ सेंमी" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी काम दिलं ते या एका कागदावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसपीटी म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, आपल्याकडे आयएस २१३१ प्रमाणे करतात. बोअरच्या तळाशी स्प्लिट स्पून नावाची पोलादी नळी ठेवायची, वरून ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटर उंचीवरून सोडत राहायचा आणि नळी ४५ सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. पहिले १५ सेंटीमीटर सोडून द्यायचे कारण तिथली माती ड्रिलिंगनं हललेली असते, उरलेल्या ३० सेंटीमीटरचे ठोके म्हणजे एन व्हॅल्यू. एवढी साधी टेस्ट, पण या एका आकड्यावरून पुढे पाइलच्या टोकाला किती टन, बाजूच्या घर्षणावर किती टन, सगळं निघतं. म्हणून हा आकडा साइटवर कसा येतो ते उभं राहून बघितलंच पाहिजे.

मी बघितलं. त्यांचा ड्रिलर वयानं मोठा होता, काका म्हणायचो. प्रत्येक टेस्टच्या आधी काका रॉडवर खडूनं १५-१५ सेंटीमीटरच्या तीन रेघा मारायचे, आणि त्याच्याही आधी बोअरची खोली मोजायचे. खोली कमी भरली म्हणजे तळाशी गाळ बसलाय, मग परत फ्लशिंग, म्हणजे पाण्यानं धुऊन गाळ काढायचा, तोपर्यंत टेस्ट नाही. हे फार लोक करत नाहीत. गाळावर नळी ठेवून ठोके मोजले तर तो आकडा गाळाचा असतो, जमिनीचा नसतो. दुसरी गोष्ट पाण्याची, केसिंगमध्ये (बोअर ढासळू नये म्हणून घातलेला पाइप) पाण्याची पातळी ते कायम वरपर्यंत भरून ठेवायचे. रॉड झपकन वर ओढले आणि आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा खाली गेलं की तळाची वाळू उसळून वर येते आणि एन एकदम पडतो.

आता हातोडा. त्यांच्याकडे दोर आणि विंचवाली जुनी पद्धत होती, म्हणजे फिरत्या ड्रमवर दोराचे वेढे आणि एक माणूस दोर ओढून सोडतो. यात माणूस दमला की हातोडा पूर्ण उचलला जात नाही. हे किरकोळ वाटतं पण हिशोब करून बघा, ७५ च्या जागी ६० सेंटीमीटरवरून पडला तर ठोक्यामागची ताकद २० टक्के कमी होते आणि जिथं २० ठोके लागायचे तिथं २५ लागतात. म्हणजे हलगर्जीपणानं जमीन आहे त्यापेक्षा दणकट दिसते. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते, म्हणून मला याची सगळ्यात जास्त काळजी असते. दोर ड्रमवर घासतो तिथेही ताकद जाते, वेढे जास्त घेतले तर अजून जाते. यासाठीच जगभर एन ला ६० टक्के ऊर्जेवर आणून लिहायची पद्धत पडली, त्याला एन-साठ म्हणतात. हातोड्यातून खरोखर ४५ टक्केच ऊर्जा पोचत असेल तर मोजलेले २७ म्हणजे एन-साठ मध्ये २० च.

मी सुपरवायझरला म्हणलं की आपोआप सुटणारा ट्रिप हातोडा असेल तर तो आणा. त्यांच्याकडे होता, दुसऱ्या साइटवर होता, तो आणेपर्यंत काम थांबवलं आणि जास्तीचे पैसे मागितले नाहीत. हा मोठा प्लस पॉइंट. ऊर्जा प्रत्यक्ष मोजायचं यंत्र मात्र त्यांच्याकडे नाही, एवढा रेट घेतात तर ते असायला हवं असं माझं मत आहे.

उलव्याची जमीन ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो. वर भरावाचा मुरूम साधारण २ मीटर, त्याच्याखाली खाडीचा काळपट राखाडी चिकट गाळ, ज्याला रिपोर्टमध्ये मरीन क्ले म्हणतात, तो आमच्याकडे ९ मीटर निघाला. मग थोडी पिवळसर कडक माती, मग कुजलेला खडक, आणि त्याच्याखाली बरा खडक. मरीन क्लेमध्ये स्पून ठेवला आणि काका म्हणाले, "साहेब, रॉड आपोआप चाललाय." हातोडा मारायच्या आधीच रॉडच्या वजनानं नळी खाली गेली. स्पून उघडला तर आत शिंपल्यांचे तुकडे, बोटानं दाबलं की खड्डा पडतो असा गाळ, वास खाडीचा. लॉगमध्ये त्यांनी एन शून्य लिहिलं आणि बाजूला "रॉडच्या वजनाने" अशी नोंद केली, उगाच १ किंवा २ लिहून सजवलं नाही.

अशा मातीत एसपीटीवरून ताकद काढणं म्हणजे अंदाजपंचेच, शून्यावरून काय काढणार. इथं त्यांनी न सांगता व्हेन शिअर टेस्ट केली, चार पात्यांचा छोटा पंखा मातीत घालून फिरवतात आणि किती जोर लागला त्यावरून मातीची शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे कातरलं जाण्याला ती करते तो विरोध, मिळतो. सरासरी १५ किलोपास्कलच्या आसपास आली. पातळ नळीत न हललेले नमुनेही घेतले, दोन्ही टोकं मेण ओतून बंद केली आणि सावलीत उभे ठेवले.

या १५ किलोपास्कलचं काय महत्त्व ते सांगतो, कारण रिपोर्टमधला सगळ्यात कामाचा भाग माझ्या मते हाच. पाइल ६०० मिलीमीटर व्यासाची, क्ले ९ मीटर, म्हणजे पाइलची त्या भागातली बाजू साधारण १७ चौरस मीटर, गुणिले १५, म्हणजे २५० किलोन्यूटन, ढोबळ २५ टन. हे घर्षण पाइलला वर धरून ठेवतं असं समजून जमेला धरलं आणि सुरक्षिततेसाठी २.५ नं भागलं (हाच तो फॅक्टर) तर प्रत्येक पाइलमागे १० टन जास्तीची क्षमता कागदावर दिसते. पण त्या क्लेवर भराव पडलाय, क्ले अजून दबतेय, दबताना ती पाइलला धरून खाली ओढते. म्हणजे १० टन आधार मिळायचा राहिला बाजूला, उलट २५ टनांचा बोजा अंगावर येतो. निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात ते हेच. एका पाइलमागे ३५ टनांचा फरक, आणि दोन्ही हिशोब एकाच टेस्टच्या आकड्यावरून. या एजन्सीनं क्लेचं घर्षण शून्य धरलं आणि ओढ वेगळी लोडमध्ये मिळवायला सांगितली, ठळक अक्षरात. जवळच्याच एका प्लॉटचा दुसऱ्या कोणाचा तरी रिपोर्ट मी बघितलाय, त्यात मुरमापासून खडकापर्यंत सगळं घर्षण सरसकट जमेला होतं. तो वाचून मला खरंच झोप लागली नव्हती, तिथं लोक राहणार आहेत.

आता खडक. नवी मुंबईत पाइलचा जीव खडकात असतो, आणि एसपीटीवरून अंदाज बांधायचं खरं अवघड कामही इथेच. कुजलेल्या खडकात कोअर, म्हणजे ड्रिलनं कापून काढलेला खडकाचा गोल दांडा, नीट येत नाही, तुकडे तुकडे होतात, धुऊन जातात, मग प्रयोगशाळेत दाबून बघायला नमुनाच नसतो. अशा वेळी ठोक्यांवरून शिअर स्ट्रेंग्थ काढायची कोल आणि स्ट्राउड यांची १९७७ ची रीत वापरतात, मुंबईकडे ती सर्रास चालते. अडचण अशी की ३० सेंटीमीटर नळी जातच नाही. ५० ठोक्यांत ८ सेंटीमीटर गेली तर त्रैराशिक मांडून ३० सेंटीमीटरला १८७ ठोके असं धरतात. तेच ५ सेंटीमीटर गेली असती तर ३००. म्हणजे खडूच्या रेघेपासून मोजताना ३ सेंटीमीटर इकडेतिकडे झाले की एन दीडपटीच्या वर जातो आणि त्याच्यामागोमाग पाइलची क्षमताही फुगते. आणि नळीचं धारेचं टोक वाकलेलं असेल किंवा मधेच एखादा टणक धोंडा लागला असेल तर नळी जागच्या जागी उड्या मारते, एन ३०० येतो आणि अर्ध्या मीटरवर खाली परत मऊ लागतं.

म्हणून "रिफ्युजल" (नळी पुढे जात नाही) किंवा "एन १०० च्या वर" एवढंच लिहून देणाऱ्या रिपोर्टवर पाइल डिझाइन करू नये असं माझं ठाम मत आहे. १०० च्या वर म्हणजे ११० पण असतं आणि ३०० पण असतं. या एजन्सीनं प्रत्येक ठिकाणी ठोके आणि सेंटीमीटर दोन्ही दिले, दर दीड मीटरला टेस्ट होतीच पण खडकाच्या तोंडाशी मी म्हणल्यावर अंतर कमी केलं, आणि दुसऱ्या बोअरला धारेचं टोक वाकलेलं दिसल्यावर काकांनी स्वतःहून ते बदललं आणि ती टेस्ट रद्द धरून थोडी खाली परत घेतली. लॉगमध्ये रद्द टेस्टसुद्धा कारणासकट लिहिली आहे. त्यांचा रेट वसूल झाला तो याच पानावर.

ज्यांचा प्लॉट वाळूत आहे, किनारपट्टीला वगैरे, त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट. तिथं मेयरहॉफच्या सूत्रानं एन वरून थेट क्षमता काढतात आणि तिथं पाइल कशी बसवणार हे आधी ठरलेलं पाहिजे. ठोकून बसवलेली पाइल वाळू दाबत दाबत खाली जाते, तिला टोकाची ताकद जास्तीत जास्त ४०० गुणिले एन किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतात, आणि बोअर करून ओतलेल्या पाइलला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. एन ३० असेल आणि व्यास ६०० मिलीमीटर, तर ठोकलेल्या पाइलचं टोक साधारण ३४० टन आणि बोअर पाइलचं ११० टन, आणि हे तुटेपर्यंतचे आकडे, वापरायचे नाहीत, एसपीटीवरून काढलं तर वर फॅक्टर चांगला मोठा लावावा लागतो. जमीन तीच, एन तोच, क्षमता तिप्पट. रिपोर्टमध्ये पाइलचा प्रकार लिहिलेला नसेल तर त्यातला क्षमतेचा तक्ता वापरू नका, आधी फोन करून विचारा.

सीपीटी, म्हणजे कोन पेनिट्रेशन टेस्ट, यांच्याकडे नाही. त्यात शंकूचं टोक न ठोकता सेकंदाला २ सेंटीमीटर अशा संथ गतीनं दाबत नेतात आणि टोकाचा व बाजूचा विरोध सलग नोंदला जातो. हॉलंडमध्ये तर पाइल डिझाइनच मुख्यत्वे सीपीटीवर चालतं, त्यांची जमीनच तशी आहे. उलव्याच्या क्लेमध्ये तो फार छान चालला असता, पण वरचा मुरूम आणि खालचा कुजलेला खडक यात शंकू अडतो, म्हणून आमच्या कामाला एसपीटी आणि कोअर याला पर्याय नव्हता. पण मोठा प्लॉट असेल, आत रस्ते आणि भराव असेल तर सीपीटीवाली एजन्सी शोधा.

बोअर किती घ्यायचे यावर मामांशी बराच वाद झाला. आयएस १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीत सुटसुटीत आकाराच्या ०.४ हेक्टरच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असं धरलं होतं. आमचा प्लॉट त्यापेक्षा खूप लहान, एजन्सीचा माणूस दोनवर तयार होता, मी तीनचा आग्रह धरला. तिसऱ्या बोअरला खडक ३ मीटर खाली लागला. मामा त्या दिवशी साइटवरच होते, कोअर बॉक्स स्वतः बघितले, त्यानंतर पैशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दोनच घेतले असते तर त्या कोपऱ्यातल्या पाइल कुजलेल्या खडकात लटकत राहिल्या असत्या किंवा पायलिंगवाल्याशी रोज भांडण झालं असतं.

तक्रारी आता. रिपोर्ट ठरल्यापेक्षा बराच उशिरा आला, रोज फोन करावा लागला, आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट दोघे खोळंबले. फील्डवरची टीम जितकी काटेकोर तितकं ऑफिस ढिलं, असं सरळ सांगतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये तिन्ही बोअरची सरासरी काढून पाइलच्या क्षमतेचा एकच तक्ता दिला होता. सरासरीचा इथं काय उपयोग, पाइल काय सरासरी जमिनीत उभी राहते का? सांगितल्यावर प्रत्येक बोअरचा वेगळा तक्ता आणि वेगळी खोली दिली, पण हे मुळातच यायला हवं होतं. शिवाय रिपोर्टची सुरुवातीची निम्मी पानं कोडमधले उतारे आणि सगळ्या प्रोजेक्टला तीच असणारी माहिती. आणि एक गोष्ट मनापासून सुचवतो, शेवटी एक पान मराठीत द्या, ज्याच्या जमिनीवर इमारत उभी राहणार त्या माणसाला स्वतःच्या जमिनीखाली काय आहे ते वाचता आलं पाहिजे.

अंदाज किती बरोबर आला ते लोड टेस्टला कळलं. रिपोर्टमध्ये ६०० मिलीमीटरच्या पाइलला ११० टन सुरक्षित क्षमता दिली होती. वापरात न घेणारी एक वेगळी टेस्ट पाइल टाकली, तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे रचून आयएस २९११ भाग ४ प्रमाणे अडीचपट म्हणजे २७५ टनांपर्यंत नेलं. त्या लोडला खचणं ९ मिलीमीटरच्या आसपास, लोड काढल्यावर बरीचशी परत वर आली, ३ मिलीमीटर राहिली. ६०० च्या पाइलला १२ मिलीमीटर खचण्याच्या लोडचा दोन तृतीयांश ही एक कसोटी असते, आपण १२ पर्यंत पोचलोच नाही. पायलिंगवाला लगेच म्हणाला साहेब १४० टन धरा, पाइल कमी होतील. मी आणि आरसीसी कन्सल्टंट दोघांनी नाही म्हणलं, एजन्सीच्या इंजिनिअरनंही फोनवर स्पष्ट नाही म्हणलं. टेस्ट पाइल पहिल्या बोअरजवळ होती, तिसऱ्याजवळ नव्हती, आणि क्लेची खालची ओढ टेस्टमध्ये दिसत नाही, टेस्टच्या वेळी तर तीच क्ले पाइलला वर धरत असते. एजन्सीचं काम संपलेलं, पैसे मिळालेले, तरी त्या इंजिनिअरनं वेळ देऊन हे पायलिंगवाल्याला समजावून सांगितलं, हे मी विसरणार नाही.

पायलिंग चालू असताना त्यांचा एक माणूस खडक तपासायला यायचा, याचे पैसे वेगळे पण घ्याच. चिझेलचं (खडक फोडायला बोअरमध्ये टाकतात ती जड लोखंडी छिन्नी) वजन, किती उंचीवरून टाकलं, किती वेळा आणि किती सेंटीमीटर गेलं यावरून खर्च झालेली ताकद काढतात आणि बोअर लॉगच्या एन शी ताडून बघतात. बाहेर येणारे खडकाचे तुकडे कोअर बॉक्समधल्या त्याच खोलीच्या कोअरशेजारी ठेवून रंग आणि टणकपणा बघायचा. तिसऱ्या बोअरच्या बाजूला दोन पाइल यामुळेच अजून खाली न्याव्या लागल्या. आणि काँक्रीट ओतण्याआधी तळ साफ आहे का ते वजन सोडून मोजून बघायचा, टोकाची सगळी क्षमता साफ तळावर अवलंबून असते, तिथं गाळ राहिला तर वरचा सगळा हिशोब वाया.

मी ५ पैकी ४ स्टार देतोय, एक ऑफिसच्या उशिरासाठी आणि त्या सरासरीच्या तक्त्यासाठी कापला. वर्क ऑर्डर देताना या गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक १५ सेंटीमीटरचे ठोके वेगळे, न घुसल्यास ठोके आणि सेंटीमीटर दोन्ही, ट्रिप हातोडा, मऊ क्लेमध्ये व्हेन टेस्ट, प्रत्येक बोअरचा वेगळा तक्ता, आणि रिपोर्टची तारीख चुकली तर किती पैसे कापणार ते. कोअर बॉक्स पायलिंग पूर्ण होईपर्यंत साइटवरच ताडपत्रीखाली ठेवा, एजन्सीला परत नेऊ देऊ नका. आणि शक्यतो पावसाळ्याआधी फील्डचं काम उरकून घ्या, जूननंतर उलव्यात भरावावर रिगचे (ड्रिलिंग मशीनचे) पाय रुततात, ट्रायपॉड सरळ उभा राहत नाही आणि हातोडा तिरका पडायला लागला की ठोके मोजून काही फायदा नाही.